व्हर्साचं इंजिन इस्टीमसाठी राखून ठेवताना: कुर्ल्यापासून आरटीओपर्यंत

माझी मारुती इस्टीम २००५ची, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारी. ऑफिसला नेण्याची गाडी ती नव्हे. वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर न्यायची, एरवी रविवारी पहाटे घोडबंदरकडे एक चक्कर. मुंबईला रेसिंगचा ट्रॅक नाही. चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूरचं करी, दोन्ही हजार किलोमीटरच्या पलीकडे. त्यातल्याच एका ट्रॅकवर दुसऱ्याच सत्रात खालून टकटक सुरू झाली. मिस्त्रींच्या भाषेत बेरिंग बोललं. गाडी ट्रकवर चढवून मुंबईला आणली, त्या भाड्यात एक जुनं इंजिन आलं असतं. तेव्हाच ठरवलं की जुनं इंजिन नीट करून घ्यायचंच, पण त्याच जातीचं दुसरंही तयार ठेवायचं.

इस्टीमचं सुटं इंजिन शोधायला गेलो तर मिळेना. ती बंद झाली २००७मध्ये. रॅलीवाल्यांनी आणि जिप्सीवाल्यांनी चांगली इंजिनं कधीच उचलली होती. मग आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, व्हॅनचं चालेल का? व्हर्साचं?" चालतं. पण वाटेत मी एक इंजिन फुकट घालवलं आणि तीन महिने घालवले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं.

१. आधी इंजिन ओळखा

मारुतीची व्हर्सा व्हॅन आली २००१मध्ये. जाहिरातीत बच्चन बाप-लेक दोघंही होते, तरी गाडी फारशी खपली नाही. तिच्यात जी१३बीबी हे इंजिन होतं: १२९८ सीसी, चार सिलिंडर, सोळा वाल्व, एक कॅमशाफ्ट, बोअर (सिलिंडरची रुंदी) ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५.५. एमपीएफआय इस्टीममध्ये आणि जिप्सी किंगमध्ये तेच. व्हर्साची ताकद ८२ बीएचपी सांगितली जायची, इस्टीमची ८५, जिप्सीची ८०. फरक बाहेरच्या अंगाचा आहे, पोटातलं काम एकच.

तीन गोंधळ इथेच मिटवा:

- कार्ब्युरेटरवाल्या जुन्या इस्टीमचं इंजिन आठ वाल्वचं, ६५ बीएचपीचं. तुमची गाडी तशी असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.
- ईको दिसते हुबेहूब व्हर्सासारखी, कारण ती त्याच सांगाड्यावर २०१०मध्ये आली. पण तिचं इंजिन १२०० सीसीचं, वेगळं. बाजारात "व्हर्सा-ईको एकही है" असं छातीठोक सांगतात. नाही, एक नाही.
- ओम्नीचं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन. ते कुणी दाखवलं तर चहा पिऊन निघा.

ब्लॉकवर कोरलेल्या नंबराची सुरुवात जी१३बीबी अशी आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तेल-मातीखाली असतो, रॉकेलचा फडका मारावा लागतो.

२. बाजारात जाताना पिशवीत काय हवं

- बॅटरी, रॉकेल, फडका, तारेचा ब्रश
- प्लग पाना, आणि क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या बोल्टला बसेल असा सॉकेट, लांब दांड्यासकट
- कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र (गॅरेजवाल्याकडून उसना आणला तरी चालेल)
- सायकलचा एक सरळ स्पोक आणि मार्कर पेन
- पुठ्ठ्याचे साचे

शेवटच्या दोन गोष्टींबद्दल थोडं सविस्तर, कारण माझा तोटा आणि नंतरचा फायदा दोन्ही त्यांच्यातच आहेत.

व्हर्सात इंजिन पुढच्या सीटखाली उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं. इस्टीममध्ये ते बॉनेटखाली आडवं, पुढची चाकं फिरवणारं. त्यामुळे माउंटिंगचे ब्रॅकेट ब्लॉकच्या वेगवेगळ्या जागी येतात. एखाद्या जागी ओतीव उंचवटा असतो, पण त्याला भोक पाडून आटे काढलेले नसण्याची शक्यता धरून चाला. म्हणून गाडीतून इंजिन उतरवलेलं असतानाच प्रत्येक ब्रॅकेटचा पुठ्ठ्यावर छाप घ्या. बुटाच्या खोक्याचं झाकण उत्तम. ब्रॅकेटच्या भोकांना ग्रीस लावा, पुठ्ठा दाबा, गोल उमटतात, ते कापा. गिअरबॉक्स जोडतो त्या तोंडाचाही असाच मोठा साचा करा. बाजारात तो ब्लॉकवर धरला की मिनिटभरात कळतं. मी साचे घेऊन गेलो तेव्हा दुकानदार हसला. दुसऱ्या फेरीत त्यानेच विचारलं, "वो पुठ्ठा लाये क्या?"

एखादं भोक नसेल तर सौदा मोडायची गरज नाही. मशीनशॉपमध्ये रेडियल ड्रिलवर पाडून आटे काढून मिळतात. हातातल्या ड्रिलने मात्र कुणालाही पाडू देऊ नका. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, भोक जरा तिरकं गेलं की ब्रॅकेट कायमचा ताणात.

३. कुर्ल्यात

सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. नवे सील, गॅस्केट, बेरिंग घ्यायला ऑपेरा हाउसकडची दुकानं. पावसाळ्यात जाऊ नका. सगळं ताडपत्रीखाली असतं आणि काहीच धड दिसत नाही.

बाजारात दोन शब्द लागतात. हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन. फुल इंजिन म्हणजे हेडसकट, वाल्व असतात त्या वरच्या भागासकट. तुम्हाला फुल हवंय, तेही गिअरबॉक्स लागलेलं. व्हॅनचा गिअरबॉक्स इस्टीमला उपयोगाचा नाही, पण स्टार्टर त्याच्याच घंटेला, म्हणजे इंजिनाला लागणाऱ्या पसरट तोंडाला बसतो. जमिनीवर नुसत्या पडलेल्या इंजिनाला स्टार्टर लावायला जागाच नसते, म्हणजे कॉम्प्रेशन मोजता येत नाही. "पेटीपॅक है, खोला नहीं है" यावर विश्वास ठेवून घरी आणायचं असेल तर पुढचं वाचू नका.

तपासण्याचा क्रम असा ठेवा.

आधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडकता कामा नये, मध्येच सैलही पडता कामा नये.

मग चारही प्लग काढा आणि स्पोक. पिस्टन एकेक करून अगदी वर आणा, प्लगच्या भोकातून स्पोक पिस्टनला टेकवा, भोकाच्या कडेशी खूण करा. भोक तिरकं असलं तरी चारही सारखीच तिरकी असतात, त्यामुळे तुलना खरी येते. चारही खुणा एकावर एक यायला हव्यात. माझ्या पहिल्या इंजिनात हे केलं नव्हतं. उघडल्यावर तिसरा पिस्टन दीड मिलिमीटर खाली निघाला. कनेक्टिंग रॉड वाकलेला. ती व्हॅन कधीतरी पाण्यात बुडाली होती, आणि कुणीतरी तशात सेल्फ मारला होता. पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हापासून या शहरातल्या कुठल्याही जुन्या इंजिनाबद्दल बुडालेलं नसेलच असं मी धरत नाही. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. तासभर वाद घालून त्या बदल्यात एक अल्टरनेटर दिला, तोही बंद निघाला.

बुडालेल्या इंजिनाच्या आणखी खुणा: स्टार्टरच्या आत वाळलेला बारीक गाळ, तेलाच्या झाकणाखाली दुधट थर, प्लगच्या आट्यांवर गंज.

आता कॉम्प्रेशन. बॅटरी लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही सिलिंडर मोजा. १७० पीएसआयच्या खाली काही असेल तर आत खर्च आहे. चौघांत १५च्या वर फरक असेल तरी तेच. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग, नाही वाढला तर वाल्व.

वाल्वचा विषय निघालाच आहे तर गॅस. मुंबईत प्रवासी आणि शाळेच्या व्हॅन बहुतेक सीएनजीवर चालल्या. गॅसवर वाल्वची सीट लवकर खचते, वाल्व वर सरकतो आणि टॅपेटची फट बुजत जाते. मॅनिफोल्डमध्ये किटसाठी पाडलेलं भोक किंवा त्यावर मारलेला एम-सील दिसला की समजा. असं इंजिन मी नाकारत नाही, पण हेडच्या कामाचे पैसे भावातून कापतो.

सौदा ठरला की वायरिंग आणि ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) सोबत मागा. कटिंगवाले (गाड्या मोडणारे) वायरिंग कुठूनही तोडतात, म्हणून सांगून ठेवा की कनेक्टरपासून हातभर तरी शिल्लक हवी. काही मारुती गाड्यांना इमोबिलायझर असतो, म्हणजे स्वतःची चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं कुलूप. ईसीएमबरोबर चावी मिळत नसेल तर ते सुरू होईलच असं नाही. या गोष्टी गाडीत बसवायच्या नाहीत, चाचणीपुरत्या हव्यात. का, ते सातव्या पायरीत.

४. कागद, पैसे देण्याआधी

- विक्रेत्याचं बिल, त्यावर पूर्ण इंजिन नंबर आणि "वापरलेलं इंजिन" असा उल्लेख
- ज्या व्हॅनमधून काढलं तिच्या आरसीची प्रत, आणि गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातून मोडली असेल तर तिथल्या दाखल्याची प्रत
- विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत
- ब्लॉकवरच्या नंबराचा फोटो आणि पेन्सिलने कागदावर घेतलेला छाप

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय सेवेत गाडीचा, चासीचा आणि इंजिनाचा नंबर टाकून चोरीची नोंद आहे का हे बघता येतं, त्याचा दाखलाही निघतो. पाच मिनिटांचं काम आहे. ते दुकानात उभं राहूनच करा.

नंबरच्या जागी घासल्याच्या रेषा असतील, किंवा आकडे एका ओळीत नसतील, तर भाव कितीही कमी असो, पाय काढा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा न्याय संहितेच्या ३१७व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि घासलेला नंबर पाहून "मला माहीत नव्हतं" म्हणणं कुणाला पटणार नाही. आरसीची प्रत देत नाही म्हणणाऱ्या दोन दुकानांतून मी रिकाम्या हाताने परतलो. तिसऱ्याने दिली. भाव दोन हजारांनी जास्त, पण दिली.

५. उघडा, मोजा, मग खर्च ठरवा

इंजिन पूर्ण उघडायचंच. राखीव म्हणून ठेवताय, म्हणजे ते अशा दिवशी लागणार आहे जेव्हा तुमच्याकडे वेळ नसेल.

हेड मशीनशॉपला द्या: प्रेशर टेस्ट, फेसिंग, वाल्व सीट, नवे गाइड सील. फेसिंग, म्हणजे तोंड घासून सपाट करणं, गरजेपुरतंच. "थोडं जास्त काढू का, कॉम्प्रेशन वाढेल" असं कुणीतरी नक्की विचारेल. नाही म्हणा. राखीव इंजिनाने मिळेल त्या पेट्रोलवर निमूट चाललं पाहिजे.

बोअर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजून घ्या. गोलाई गेली असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, नाहीतर हलकं होनिंग आणि नव्या रिंगा. मेन आणि बिग एंड बेरिंग नवीनच. क्रँकवर नखाला लागेल अशी चर असेल तर ग्राइंडिंग. ट्रॅकवर बेरिंग जातात ती बहुधा तेल कमी पडल्याने. लांब वळणात तेल एका बाजूला लोटतं आणि स्ट्रेनर (तळातून तेल ओढणारी जाळी) हवा ओढतो. माझं असंच गेलं. म्हणून तेलपंप उघडून पाहिलाच पाहिजे, तो बरा दिसतो म्हणून सोडू नका.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, पुढचा आणि मागचा क्रँक सील, कॅम सील: सगळं नवं, प्रश्न न विचारता. टॉर्कचे आकडे मॅन्युअलमधले घ्या. आमच्या मिस्त्रींचा हात तीस वर्षांचा आहे, तरी हेडचे बोल्ट मी टॉर्क पान्यानेच आवळायला लावले. ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

६. व्हॅनचं काय ठेवायचं, काय द्यायचं

नवखे इथेच सगळ्यात जास्त चुकतात. व्हॅनचं फुल इंजिन "जसंच्या तसं" इस्टीममध्ये बसवायला जातात आणि मग एक्झॉस्ट फायरवॉलला लागतो, चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) गाडीच्या क्रॉसमेंबरवर टेकतो, थ्रॉटलची केबल पोचत नाही.

व्हॅनकडून फक्त गाभा घ्या: ब्लॉक, क्रँक, रॉड-पिस्टन, हेड, कॅम. त्याच्या भोवतीचं सगळं इस्टीमचं: चेंबर आणि स्ट्रेनर, डिपस्टिकची नळी, दोन्ही मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, सगळे सेन्सर, थर्मोस्टॅटचं घर, माउंटिंग ब्रॅकेट, अल्टरनेटर, फ्लायव्हील, क्लच. गाडीचं ईसीएम आणि वायरिंग तसूभरही हलवायचं नाही. तुमच्या गाडीला डिस्ट्रिब्युटर असेल तर तो, कॉइल पॅक असेल तर तो. आधीच्या इंजिनावर जे होतं तेच.

चेंबर, स्ट्रेनर आणि डिपस्टिकची नळी हा संच मात्र वेगळा विकत घेऊन राखीव इंजिनावर कायमचा लावून टाका. बाकीचं ट्रॅकच्या कडेलाही उतरवून चढवता येतं, चेंबरचं सीलंट वाळायला वेळ लागतो. स्ट्रेनर आणि चेंबरचा तळ यांच्यातलं अंतर मोजा. मातीच्या गोळ्याचा तुकडा चिकटवून चेंबर दाबा, काढा, गोळा किती चपटा झाला ते बघा.

फ्लायव्हील लावताना सगळे बोल्ट हाताने पूर्ण आत जातात ना, ते आधी पाहा. एकही बोल्ट अडत असेल तर पान्याने रेटू नका.

७. घोड्यावर चालवून बघा

न चालवलेलं इंजिन रॅकवर ठेवण्यात अर्थ नाही. पण ते गाडीत बसवून बघायचं म्हटलं की आरटीओचा प्रश्न येतो (पुढे आहे). म्हणून आम्ही लोखंडी घोड्यावर चालवलं. जाड अँगलची चौकट, खाली चाकं, समोर भंगारातला रेडिएटर आणि पंखा, पेट्रोलसाठी डबा आणि इलेक्ट्रिक पंप. स्टार्टर व्हॅनच्या गिअरबॉक्सच्या घंटेवर, ईसीएम-वायरिंग-मॅनिफोल्ड सगळं व्हॅनचं. चेंबर मात्र इस्टीमचा, आधी लावलेला.

प्लग काढून आधी नुसतं सेल्फवर फिरवा, तेलाचा दाब गेजवर दिसेपर्यंत. मग प्लग लावून सुरू करा. पहिली वीस मिनिटं निष्क्रिय वेगावर ताटकळत ठेवू नका, १५०० ते २५००च्या मध्ये खालीवर करत राहा. थंड होऊ द्या. हे तीन वेळा. तेल बदला आणि जुना फिल्टर कापून उघडा: कागदाच्या घड्यांत चमचम दिसली तर बेरिंग पुन्हा बघावं लागेल. शेवटी टॅपेट आणि कॉम्प्रेशन मोजून तो कागद इंजिनालाच बांधून ठेवा.

गॅरेजचं दार उघडं ठेवा, धूर कोंडतो. आणि हे दुपारी करा. आम्ही रात्री नऊला केलं आणि वरच्या मजल्यावरून एक काकू खाली आल्या.

८. आरटीओ आणि विमा

इंजिन घोड्यावर किंवा रॅकवर आहे तोवर आरटीओचा संबंध नाही. गाडीत बसलं की आहे. आरसीवर इंजिन नंबर असतो आणि तो ब्लॉकवर असतो.

मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि परवानगीशिवाय इंजिन बदललं तर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर बदल करून घ्यावा लागतो. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाविरुद्धचे बदल चालणार नाहीत असंच सांगितलं. बेकायदा बदलाला कलम १८२अप्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणून बसवायच्या आधी तुमच्या कार्यालयात (ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, जिथे नोंदणी असेल तिथे) लेखी विचारा. अर्जात "१२९८ सीसी पेट्रोल, त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन" हे स्पष्ट लिहा आणि चौथ्या पायरीतले सगळे कागद जोडा. मला खिडकीवर पहिला प्रश्न आला, "व्हॅनचं कशाला?" त्याचं उत्तर तयार ठेवा. परवानगी मिळाली नाही तर एक रस्ता उरतो: व्हॅनचं हेड, क्रँक आणि पिस्टन तुमच्याच ब्लॉकमध्ये घालायचे. बोअरचं माप जुळवावं लागतं, पण नंबर तुमचाच राहतो.

गाडी पंधरा वर्षांपुढची असेल तर फेरनोंदणीच्या तपासणीत निरीक्षक इंजिन नंबर बघतो. त्याच वेळी गडबड उघडी पडली तर गाडी अडकते. नंबर बदलल्यावर विमा कंपनीलाही लेखी कळवा. स्पर्धेत उतरणार असाल तर एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटर स्पर्धांच्या संघटनेच्या) त्या वर्षीच्या नियमांत तुमच्या गटाला काय चालतं ते छाननी करणाऱ्यांना आधी विचारा. ट्रॅकवर पोचून विचारू नका.

९. मुंबईच्या हवेत साठवण

कूलंट पूर्ण काढा. प्रत्येक प्लगच्या भोकात दोन चमचे इंजिन ऑइल, क्रँक दोन फेरे, प्लग परत. सगळी तोंडं टेपने बंद. फडकी कोंबू नका, ती आत विसरली जातात. मग जाड प्लास्टिक, आत सिलिका जेलच्या पुड्या.

इंजिन चेंबरवर कधीही टेकवू नका. पत्रा आत दबतो, स्ट्रेनरचं तोंड बुजतं आणि ते बाहेरून फारसं कळत नाही. जुन्या टायरवर ठेवा, ब्लॉकच्या कडा टायरवर येतील आणि चेंबर मधल्या पोकळीत लोंबेल असं. जमिनीपासून दोन विटा वर. आमच्या सोसायटीत पार्किंगला पाणी भरतं, म्हणून माझं चार विटा वर आहे, आणि सेक्रेटरींना ते पाण्याचा पंप वाटतं.

महिन्यातून एकदा क्रँक हाताने सव्वा फेरा फिरवा. बरोबर एक फेरा नको, म्हणजे पिस्टन आणि वाल्वच्या स्प्रिंगा दरवेळी वेगळ्या जागी थांबतात. पावसाळ्यात जेलच्या पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर गरम करून घ्या. तवा वेगळा ठेवा, घरचा वापरलात तर त्याचा हिशेब तुम्हीच द्या.

ट्रॅकवर नेताना ते टायरसकटच पिकअपमध्ये चढवतो, दोन पट्टे, बिल आणि आरसीची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात ड्रायव्हरच्या केबिनमध्ये. वाटेत तपासणीला थांबवलं की पहिला प्रश्न इंजिन कुणाचं हाच असतो.